काटा २.४.१-३

आडव्या रेघेच्या डावीकडचं सगळं प्रल्हादचं.
पॉलिटेक्निकला असताना लिहिलं त्यानं,
उदगीरच्या डाळमिलांसाठी:
भरला ट्रक, रिकामा ट्रक, वजाबाकी, पावती.
सोर्स खुला ठेवून तो हिंजवडीला गेला,
आता फोन उचलतो दिवाळीला.

रेघेच्या उजवीकडचा आकडा तेवढा माझा.
तीन.
म्हणजे आतला दाणाही हलला नाही,
फक्त गाठोडं तिसऱ्यांदा बांधलं.

रात्री बांधायला बसते, लाईट टिकते तेव्हा.
डेबियनला एक गाठ, फेडोराला दुसरी,
आर्चवाल्यांना नुसती कृती दिली तरी पुरते,
ते आपलं आपण रांधून घेतात.
लायब्ररी तीच, पण प्रत्येक घरी तिचं नाव वेगळं.
याचं आमच्या गावाला नवल नाही.
आपण तूर म्हणतो,
भालकीचा ड्रायव्हर तोगरी म्हणतो,
बोधनचा कंदी,
आणि हमाल काहीच म्हणत नाही,
पोतं पाठीवर घेतो.

एक लायब्ररी मागितली की ती म्हणते, आधी अमकीला आणा.
अमकी म्हणते, माझी जुनी जाऊ नको, नवी हवी.
चाळीस मिनिटं पडदा धावतो
आणि शेवटच्या ओळीत कुणीतरी रुसतं.
मानपान करत करत पहाट होते.
मग पोतं शिवून शिक्का मारायचा,
माझ्या किल्लीची सही,
ती नसेल तर परकं यंत्र दारातच उभं करतं.

परवा कुठल्याशा थंड मुलखातून निरोप आला:
आम्ही याच्यावर लोकर तोलतो,
एका दमात बसलं, आभार.
मी निरोप दोनदा वाचला.
त्याच दुपारी मकदूमभाईंचा फोन,
तीन गल्ल्या पलीकडून:
"बेटा, तुम्हारा काटा तो बैठताच नै."

गेले.
गेटपाशी तीन ट्रक ताटकळलेले.
संगय्याअप्पा मुनीम कार्बन घालून हातानं पावत्या फाडायलेले.
चष्म्यावरून बघून म्हणाले,
"परदेशात चालतंय म्हणं, बाई, तुमचं?
आमची मिल त्याच्याहून लांब हाय का काय?"

यंत्र सतरा वर्षांचं, बत्तीस बिटचं.
वर जुन्या लुगड्याचं फडकं,
कळांच्या फटीत पिवळी भुकटी,
'म' दाबला की दोनदा उमटायचा.
असली यंत्रं आता कुणी वापरत नाही,
असं मीच लिहिलं होतं मागच्या नोंदीत,
आणि यादीतून नाव कापलं होतं.

तिथंच बांधायला घेतलं, त्याच्याच पोटात.
घरच्या मशीनवर सहा मिनिटांचं काम,
इथं दोन तास दहा मिनिटं.
पट्टा फिरला की टेबल थरथरायचं,
पडद्यावरच्या ओळीही सालपट सोडल्यासारख्या
एकेक, थांबत, खाली पडायच्या.
चहा दोनदा आला.
एका ड्रायव्हरनं विचारलं, "ताई, ह्ये दळायलंय का शिजायलंय?"
मला सांगता आलं नाही.

साडेपाचला पावती निघाली.
अप्पांनी ती हातच्या पावतीशेजारी धरली,
ओठ हलवत वजाबाकी ताडून पाहिली,
मान एकदाच हलवली.

नोंद तिथंच बसून लिहिली.
नाव, मग दोन स्पेस, मग तारीख;
एकच स्पेस पडली तर नोंदच मोडते.
काय बदललं, या रकान्यात लिहिलं:
"बत्तीस बिट परत घेतलं. कापायला नको होतं."
तीनचा चार केला.

निघताना पाहिलं,
अप्पांनी कार्बनची वही गल्ल्याखाली सारून ठेवली,
टाकली नाही.
बरोबर आहे त्यांचं.